शायब जेवत नाही

मुसल्लम सलालाच्या बंदरात क्रेन चालवायचा. रबीउलआखर महिन्याच्या तीन तारखेला, रविवारी, सकाळच्या पाळीला जाताना तो बसमध्येच गेला. वय सत्तावन्न. शेजारच्या माणसाला वाटले, झोप लागली असेल. बस फाटकाशी थांबल्यावर खरे काय ते कळले. दुपारी दफन झाले आणि संध्याकाळपासून त्याच्या बायकोची, मुझनाची, इद्दत, म्हणजे विधवेचा शोककाळ, सुरू झाली. चार चांद्रमहिने आणि दहा दिवस.

नियम सगळ्यांना पाठ असतात. घराबाहेर पडायचे नाही. परक्या पुरुषासमोर यायचे नाही. दागिना, काजळ, मेंदी नाही. अंगाला किंवा कपड्याला कसलाही सुगंध नाही.

शेवटच्या नियमाची जबाबदारी मोठ्या नणंदेने, तुफूलने, घेतली. सलालाच्या बाजारात तिचे तीस वर्षांपासून लोबानाचे दुकान आहे. खडा हातात घेऊन तो डोंगराच्या कोणत्या बाजूच्या झाडाचा, हे ती सांगते. तिसऱ्या दिवशी मातमाला आलेल्या बायका गेल्यावर तिने एक गोणी आणली आणि घरातली पाचही धुपाटणी, लोबानाचे डबे, अत्तराच्या कुप्या आणि न्हाणीघरातला गुलाबाचा साबण त्यात भरला. कॉफीत टाकायचे केशरसुद्धा सोडले नाही.

"केशरही?" मुझनाने विचारले.

"केशरही. लोक नाकाने हिशेब ठेवतात पोरी. तुझ्याकडून चूक होणार नाही हे मला माहीत आहे. पण घरात नसलेलं बरं."

सलालात ज्या घरातून लोबानाचा धूर निघत नाही त्या घरातले कोणी तरी गेले आहे असे समजावे. मुझना राहत होती त्या दहारीज़ वस्तीतल्या गल्लीत सकाळ-संध्याकाळ प्रत्येक घरातून धूर निघायचा. मुझनाच्या घरातून निघत नव्हता. तिला मूलबाळ नव्हते. भाऊ मस्कतला. पहिले दहा दिवस घर माणसांनी भरलेले होते. चौदाव्या दिवशी तुफूल तेवढी येत होती, असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजानंतर, झाकलेल्या भांड्यात नारळाच्या रसातला मासा आणि भात घेऊन.

आणि घरात शायब होता.

शायब म्हणजे म्हातारा. मुसल्लमने हे नाव ठेवले तेव्हा तो अजगर जेमतेम एक वर्षाचा होता, पण दिवसभर हलायचा नाही म्हणून म्हातारा. आफ्रिकी जातीचा, चार फुटांचा, घाबरला की डोके आत घेऊन चेंडूसारखा गोळा होणारा. बंदरातला एक फिलिपिनो मेकॅनिक गावी परत जाताना तो मुसल्लमच्या हवाली करून गेला होता. त्याला नऊ वर्षे झाली. जिन्याशेजारची छोटी खोली त्याला दिली होती: काचेची पेटी, खाली गरम पट्टी, पाण्याचा टोप, आत लपायला अर्धे फोडलेले मडके. मुझना त्या खोलीत जात नसे. तसे नवऱ्याशी ठरलेच होते. साप त्याचा, बाकीचे घर तिचे.

पंधराव्या दिवशी तिला पहिल्यांदा आठवले की तो काही तरी खातो.

खोलीच्या भिंतीवर बंदराचे कॅलेंडर होते. दर दुसऱ्या गुरुवारी मुसल्लमने तारखेभोवती गोल काढला होता आणि खाली ग्रॅममध्ये वजन लिहिले होते. शेवटचा गोल तो गेला त्याच्या तीन दिवस आधीचा. खाली १६४०. पुढचा गुरुवार चार दिवसांवर होता. पण मागच्या गुरुवारी गोल असायला हवा होता आणि तो नव्हता.

मागच्या पडवीतल्या छोट्या फ्रीजमध्ये पांढरे उंदीर गोठवून ठेवलेले होते, एकेक वेगळ्या पिशवीत. तिने एक काढला, कोमट पाण्यात ठेवला, तो मऊ झाल्यावर स्वयंपाकघरातल्या नव्या लांब चिमट्यात धरला, मान वळवून पेटीत घातला आणि झाकण लावून पळाली. सकाळी उंदीर तिथेच होता.

पुढच्या आठवड्यात तेच. त्याच्या पुढच्याही.

"हा अजून इथेच?" तुफूलने एकदा उघड्या दारातून बघून विचारले.

"कुठे जाणार तो?"

"बखीतला देऊन टाक. नाही तर डोंगरात सोड."

"डोंगरात मरेल तो. आफ्रिकेचा आहे."

"आपली आजीही आफ्रिकेचीच होती. ती काय डोंगरात मेली?"

"आजी गरम पट्टीवर झोपत नव्हती, ताई."

तुफूलला हसू आले, पण इद्दतीच्या घरात ते तिने ओढणीत लपवले.

बखीत म्हणजे सआदा भागात पक्षी आणि मासे विकणारा दुकानदार. उंदीर तोच मस्कतहून मागवून द्यायचा. तो तिशीचा होता, बोलका होता, आणि इद्दतीमुळे फाटकाच्या बाहेर उभा राहून ओरडायचा. मुझना आतल्या बाजूला, भिंतीच्या आड.

"मावशी, जिवंत आणलाय या वेळी! जिवंत बघून कोणालाही भूक लागते."

जिवंत उंदीर पेटीत सोडला. त्याने एक फेरी मारली, पाणी प्यायला आणि मडक्यावर चढून बसला. मडक्यात शायब गोळा होऊन होता. दोन तास दोघे तसेच. मग मुझनाने उंदीर एका डब्यात घेतला आणि गच्चीवरून मागच्या केळीच्या बागेत सोडून दिला. बखीतने पुढे तपकिरी उंदीर आणला, मग लहान उंदीर, मग कोंबडीचे एक दिवसाचे पिल्लू. काहीही उपयोग झाला नाही. त्यानेच शेवटी जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंचा नंबर दिला.

डॉक्टर रीहाम मूळच्या कैरोच्या. त्या सकाळी नऊला दवाखाना उघडायच्या आणि पहिला फोन मुझनाचा घ्यायच्या.

"वजन सांगा. तुमचं नको, त्याचं."

वजन करण्यासाठी त्याला उचलावे लागले. तिसाव्या दिवशी ती दुपट्याची घडी हातावर घेऊन उभी राहिली आणि बराच वेळ काहीच केले नाही. मग उचलले. तिला वाटले होते तो ओला आणि थंड असेल. तो कोरडा होता आणि ज्या बाजूने गरम पट्टीवर होता त्या बाजूने कोमट. भाजीच्या काट्यावर टोप, टोपात तो. १५७०.

"हिवाळा आहे," डॉक्टर म्हणाल्या. "नर हिवाळ्यात जेवत नाहीत. रात्री खोली गार पडते का?"

गार पडत होती. मुझनाने खिडकीला जाड पडदा लावला. डॉक्टरांनी सांगितले म्हणून पेटीच्या तीन बाजू पुठ्ठ्याने झाकल्या. पाण्याचा टोप बदलला. उंदीर कोमटऐवजी चांगला गरम करून बघितला. रोज सकाळी नमाज, चहा, मग शायब: पाणी बदलणे, वजन, नऊचा फोन. दुपारी उंदीर पाण्यात घालायचा असला तर तेही. ती त्याच्याशी बोलायलाही लागली होती.

"तो ऐकतो का हो?" तिने एकदा फोनवर विचारले.

"सापाला आपल्यासारखे कान नसतात, ताई. जमिनीची थरथर तेवढी कळते."

"मग मी बोलणं बंद करू?"

"मी असं कुठे म्हटलं?"

चाळिसाव्या दिवशी १५४५. पंचाहत्तराव्या दिवशी १४२०. पाठीचा कणा वरून दिसायला लागला, दोन्ही बाजूंनी मांस उतरलेले, छपराच्या आढ्यासारखा. तुफूल रोज भात आणत होती आणि रोज त्यातला अर्धा परत नेत होती.

"तूही त्याच्यासारखीच करायला लागलीस," ती म्हणाली. "साप मेला तर मरू दे. माझा भाऊ गेला, आपण जगतोय ना?"

मुझनाने भांड्यावर झाकण ठेवले. त्या रविवारी पहाटे मुसल्लम निघाला तेव्हा ती झोपलेली होती. त्याने तिला उठवले नाही, चहाही केला नाही. सत्तावीस वर्षांत तो चहाशिवाय गेल्याचे तिला आठवत नव्हते. ही गोष्ट तिने कोणालाही सांगितली नव्हती. मातमाच्या दिवसांत बायका येऊन म्हणत, त्याला त्रास झाला नाही, झोपेतच गेला, आणि ती मान हलवायची. नवऱ्याने तिच्यासाठी मागे ठेवलेल्या सगळ्या वस्तूंत भूक लागणारी वस्तू ही एकच होती. तीही तिच्या हातून खात नव्हती.

ब्याण्णवाव्या दिवशी, रविवारी, वजन १३४५ भरले.

"ताई, नीट ऐका," डॉक्टर म्हणाल्या. आवाजातली थट्टा गेली होती. "तेराशेच्या खाली गेला तर इकडे आणायचा. घशात नळी घालून भरवावं लागेल. आणि खरं सांगते, इतका उतरलेला साप ते सोसेलच असं नाही."

"मला बाहेर पडता येत नाही."

"मग कोणाला तरी पाठवा."

"त्याला हात लावणारी मी एकटीच आहे."

दवाखान्यात मागे एक बोकड ओरडत होता. डॉक्टरांनी दार लावून घेतले असावे; आवाज कमी झाला.

"तुमचे मालक त्याला जेवण कसं द्यायचे? क्रमाने सांगा. सगळं."

"मी कधी पाहिलंच नाही. नऊ वर्षं दार बंद असायचं."

"मग जे ऐकलं ते सांगा."

मुझना खाली बसली. "गुरुवारी असरनंतर फ्रीजचं दार वाजायचं. मग किटली. मग मगरिबची नमाज. नमाजानंतर तो आत जायचा, दार लावायचा. मग..." ती थांबली. "मग वास यायचा."

"उंदराचा?"

"नाही, लोबानाचा. उंदराच्या वासावरून मी पहिल्याच महिन्यात भांडले होते. घर म्हणजे बंदराचं गोदाम केलंस, म्हणाले. तेव्हापासून तो आत धुपाटणं घेऊन जायचा. माझ्यासाठी."

"धूर आधी की उंदीर आधी?"

"म्हणजे?"

"आठवा. घाई नाही. खाल्ल्यानंतर जाळायचे का, खायच्या आधी?"

मुझनाला आठवायला वेळ लागला नाही. मगरिबनंतर ती जानमाजवर, नमाजाच्या चटईवरच बसलेली असायची. आधी दाराच्या फटीतून वास यायचा. बऱ्याच वेळाने काचेवर ठप्प असा एक आवाज. त्या आवाजाने ती दर वेळी दचकायची.

"धूर आधी," ती म्हणाली.

"आणि पाण्यातला ओला उंदीर कोरडा कशावर करायचे?"

हे तिला माहीत नव्हते. फोन ठेवून ती खोलीत गेली. पेटीखालच्या खणात मुसल्लमचा जुना चिमटा होता. मातमाच्या दिवसांत बायकांनी घर घासून काढले होते, पण या खोलीत कोणी शिरले नव्हते. चिमट्याची टोके काळी होती आणि बिजागरीत राळेचा पिवळा थर जमला होता. निखाऱ्यावर धरल्याशिवाय असे होत नाही. तिने तो नाकाशी नेला आणि लगेच दूर केला. मग पेटीचे झाकण सरकवून चिमट्याचे टोक मडक्याच्या तोंडाशी धरले.

बऱ्याच वेळाने मडक्यातून डोके बाहेर आले. जीभ निघाली, आत गेली, पुन्हा निघाली. तीन महिन्यांत पहिल्यांदा. तो चिमट्याच्या टोकापर्यंत आला, तिथे काही नव्हते, आणि तो परत गेला.

तिने डॉक्टरांना पुन्हा फोन लावला.

"मी पैज लावणार नाही," त्या म्हणाल्या, "सापाचं कोणी छातीठोक सांगू नये. पण नऊ वर्षं त्याने उंदीर लोबानासकट खाल्लाय. तुम्ही देताय तो त्याच्या लेखी उंदीरच नाही. जाळून बघा."

"मी इद्दतीत आहे, डॉक्टर."

"हो, खरंच की." डॉक्टर म्हणाल्या. "औषध म्हणून चालतं असं ऐकलंय."

"औषध माझं नाही. त्याचं."

"तेही खरं. अजून किती दिवस?"

"शाबानच्या तेरापर्यंत. छत्तीस."

"छत्तीस दिवस तो थांबणार नाही, ताई."

घरात लोबानाचा खडासुद्धा नव्हता. मंगळवारी बखीत उंदीर घेऊन आला तेव्हा मुझना भिंतीआडून म्हणाली, "गुरुवारी येताना थोडा लोबान आण. हौजरी, उंची जातीचा. तो हौजरीच जाळायचा."

बखीतने फाटकाच्या फटीशी तोंड आणले.

"मावशी, इद्दतीत?"

"माझ्यासाठी नाही. शायबसाठी."

"का, लग्न ठरलं त्याचं?"

"बखीत, आणायला सांगितलं तेवढं आण. आणि कोणाला बोलू नकोस."

"मी कशाला बोलतोय?"

तो बोलला नाही, पण लोबान तुफूलच्या दुकानातून घ्यायला गेला. दहारीज़ची माणसे तुफूलकडूनच घेतात; दुसऱ्या दुकानासमोर उभे राहिलेले तिने पाहिले तर पुढच्या ईदेपर्यंत ऐकून घ्यावे लागते. बखीतच्या डोक्यात दुसरे दुकान आलेच नाही. गुरुवारी दुपारी तो रिकाम्या हाताने फाटकाशी आला.

"म्हातारीने विचारलं, कोणासाठी. मी म्हटलं, अजगरासाठी. तर म्हणते, कोणत्या अजगरासाठी. आता तुम्हीच सांगा मावशी, सलालात किती अजगर आहेत?"

"मग?"

"दिला नाही. म्हणाली, मी स्वतः घेऊन जाते. मी येऊन गेलो हे तिला सांगू नका."

त्या सकाळी वजन १३१० होते.

तुफूल असरनंतर आली. हातात भाताचे भांडे नव्हते, तीच गोणी होती. ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि आधी दम घेतला.

"मला सांगितलं नाहीस. पक्षी विकणाऱ्या पोराला सांगितलंस."

"तुम्ही नाही म्हणाला असता."

"म्हटलंच असतं! तुझ्या कपड्यांना हौजरीचा वास, आणि इद्दतीचा महिना-सव्वा महिना बाकी. बायका माझ्या दुकानात येऊन विचारतील, तुफूल, तुझ्या भावजयीने कोणासाठी केस धुपवले? तेव्हा मी काय सांगू, सापासाठी?"

"तेराशे दहा झालाय."

"कोण?"

"त्याचं वजन. सोळाशे चाळीस होतं. ताई, मी तीन महिने सगळं केलं. पडदा लावला, पुठ्ठा लावला, जिवंत आणला, मेलेला आणला. मी रोज उचलते त्याला. आता हातात त्याची हाडं लागतात." मुझनाचा आवाज चढला नव्हता. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. "त्या दिवशी मुसल्लम चहा न घेता गेला. मी झोपले होते. हा असा न खाता गेला तर मी या घरात बसून काय मोजत राहू?"

तुफूलने गोणीची गाठ सोडली, पुन्हा बांधली.

"चहा न घेता?"

"हो."

"हे तू सांगितलं नाहीस."

"कोणालाच नाही."

तुफूल जुन्या माणसांसारखी गुडघ्यावर हात टेकून उठली. "इद्दत तुझी आहे," ती म्हणाली. "माझी नाही. माझा नवरा जिवंत आहे आणि घरी बसून टीव्ही बघतोय. मी जाळते. तू गच्चीवर जा. समुद्राकडच्या कोपऱ्यात उभी राहा, वारा तिकडून आहे. धूर तुझ्याकडे येणार नाही."

"तुम्हाला भीती वाटते त्याची."

"वाटतेच. मग काय? कसं धरायचं ते सांग."

मुझनाने सांगितले. उंदीर पाण्यातून काढायचा. धुरावर धरून कोरडा करायचा. चिमट्यात कमरेपाशी धरायचा, डोके पुढे. मडक्याच्या तोंडाशी न्यायचा, थोडा हलवायचा, जिवंत असल्यासारखा. त्याने धरला की सोडून द्यायचे, ओढायचे नाही, ओरडायचे नाही.

"शेपटीला धरून हलवायचा."

"कमरेला."

"उंदराला कंबर असते का?"

"ताई."

"कळलं, कळलं. कमरेला."

मगरिबची बांग झाली. तुफूलने नमाज खालीच पढली, मुझनाने गच्चीवर. मग ती समुद्राकडच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. नारळाच्या झावळ्यांमागे उजेड जात होता. गल्लीतल्या घरांतून धूर निघायला लागला होता आणि वाऱ्याबरोबर डोंगराकडे जात होता, सगळा एका बाजूला. थोड्या वेळाने तिच्या स्वतःच्या घराच्या छोट्या खिडकीच्या फटीतूनही एक बारीक रेघ निघाली. पंचाण्णव दिवसांनंतर. तीही डोंगराकडेच गेली. मुझनाला समुद्राचा आणि सुकत घातलेल्या माशांचा वास येत होता, दुसरा कसलाच नाही.

ती ऐकत राहिली. कान तिचे नऊ वर्षांचे तयार होते. किटली नाही, ती आधीच झाली होती. दार लागल्याचा आवाज. मग बराच वेळ काही नाही. मग खालून तुफूलचे बोलणे ऐकू आले. शब्द कळत नव्हते. ती सापाला दटावत असेल असे मुझनाला आधी वाटले, पण आवाज दटावण्याचा नव्हता. लहान भावाशी बोलताना तुफूल ज्या आवाजात बोलायची, अर्धी तक्रार अर्धे लाड, तो आवाज होता. मग बोलणे थांबले आणि ती रडली. फार वेळ नाही. नाक ओढल्याचे ऐकू आले.

मुझना दोनदा जिन्यापर्यंत गेली आणि दोनदा परत कोपऱ्यात आली.

अर्धा तास झाला असेल. ठप्प.

त्यानंतर ओरडणे नाही, काही नाही. बराच वेळ गेला. मग दार उघडून लागले, नळ सुटला, आणि तुफूल अंगणात येऊन वर बघत म्हणाली, "खाल्लं."

मुझना कठड्यावरून वाकली. "कसं खाल्लं?"

"तोंडाने!"

"आधी जीभ काढली का? हळू आला की एकदम?"

"मला काय माहीत? मी डोळे मिटले होते."

"मग कळलं कसं?"

"चिमटा हलका झाला." तुफूलने ओले हात ओढणीला पुसले. "नंतर एक डोळा उघडला तर उंदराचे मागचे पाय बाहेर होते. मग तेही नव्हते."

मुझना कठड्यावरून सरळ झाली. मग तिने विचारले, "मी खाली येऊ?"

"नको नको, थांब. माझ्या केसांत, कपड्यांत, सगळीकडे आहे. मी अशीच जाते. खोलीची खिडकी उघडलीय, दार लावलंय, खाली ओला टॉवेल घातलाय. दोन दिवस ते दार उघडू नकोस, डॉक्टरही तेच म्हणाली ना?"

"हो. हलवलं तर ओकेल."

"मग झालं." ती फाटकाकडे निघाली आणि मध्येच थांबली. "मुझना, त्या खोलीत धूर झाला ना, की तो..." तिने हाताने काही तरी दाखवले, जणू कोणी खांद्यापर्यंत उंच शेजारी उभे आहे. "तसाच. बंदरावरून यायचा आणि कपडे धुपवायचा, तसा. मी म्हटलं, अरे, चहा तरी घेऊन जायचास."

"मग?"

"मग काय? साप होता तो." तिने ओढणी डोक्यावर ओढली. "पुढच्या वेळेलाही मीच येईन. दोनच वेळा येतात तेरा शाबानच्या आत. तू या भानगडीत पडू नकोस. उद्या अंघोळ करून, कपडे बदलून येते. भात मांडणीवर ठेवलाय, तू गच्चीवर गेल्यावर नातीच्या हातून मागवला. सगळा खा."

फाटक वाजले. मुझना वारा पडेपर्यंत गच्चीवर राहिली. मग खाली आली, ओढणीचे टोक नाकाशी नेऊन बघितले. साध्या साबणाचा वास. ती नियमात होती. तिने डॉक्टरांना फोन केला.

"काय सांगता!" डॉक्टर ओरडल्याच. "मी आज घरी बासबूसा करते, रव्याचा गोड केक. ताई, आता ऐका. दोन आठवडे त्याला उचलायचं नाही, वजन करायचं नाही, पेटी उघडायची नाही. पाणी तेवढं दोन दिवसांनी बघा. मलाही रोज फोन करायची गरज नाही आता. तुम्हीही विश्रांती घ्या."

"बरं," मुझना म्हणाली. "पण तो नक्की जगेल ना?"

"आज खाल्लं, पुन्हा खाईल. जगेल."

तिने भात खाल्ला, सगळा. भांडे घासून पालथे घातले. इतके दिवस तिला भीती होती ते, शायबने न खाता जाणे, झाले नव्हते.

सत्त्याण्णवाव्या दिवशी सकाळी तिने नमाज पढली आणि चहा केला. मग शायबचे पाणी बदलायला टोप घ्यायला उठली आणि आठवून खाली बसली. नऊ वाजता फोन हातात घेतला. शुक्रवार होता, दवाखाना बंद होता. उघडा असता तरी सांगण्यासारखे काही नव्हते. तुफूल यायला अजून सहा-सात तास होते.

ती चहा घेऊन जिन्याशेजारच्या दाराबाहेर जमिनीवर बसली, टॉवेलपासून हातभर दूर, वास येणार नाही इतकी. आत तो होता आणि त्याला कशाचीही गरज नव्हती. तिने कान दिला. पोट भरलेला अजगर आवाज करत नाही. गल्लीत कोणी तरी गाडी धूत होते. चहा संपला तेव्हा साडेनऊ झाले होते.